तिच्या श्वासातला आकडा

१

संध्याकाळी घरी परतलेला माणूस बूट काढतो, हुश्श करतो, चहा टाकायला सांगतो. तपासनिसाचं तसं नव्हतं. तो दाराबाहेर मोकळ्या हवेत उभा राहायचा, छातीला अडकवलेलं तळहाताएवढं यंत्र हातात घ्यायचा, त्यावर शून्य आलंय ना ते बघायचा आणि मगच उंबरठा ओलांडायचा. दिवसभर लोकांच्या घरी हेच करत असल्यामुळे स्वतःच्या घरी वेगळं वागायचं त्याला सुचतच नसे.

त्याचं काम कार्बन मोनॉक्साइड शोधायचं. कुणाच्याही घरी जायचं, गीझर, हीटर, शेगडी सगळं पेटवायला लावायचं आणि खोल्याखोल्यांतून यंत्र फिरवायचं. या वायूला वास नाही, रंग नाही, चव नाही. धुराची नळी कुठे तुंबली की तो गुपचूप घरात उतरतो. माणसाला वाटतं, आज डोकं जरा जड आहे, पडू या घटकाभर. आणि तो पडतो तो पडतोच. "चोर निदान भांडं तरी पाडतो हो," असं तो घरोघरी सांगायचा. बायका हसायच्या आणि त्याची पाठ वळली की हळूच खिडकी उघडायच्या.

एक शिस्त त्यानं कधी मोडली नाही. यंत्र चालू असेपर्यंत माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, आकड्याकडे बघायचं. माणूस म्हणतो, आम्हाला काही होत नाही. माणूस म्हणतो, इतकी वर्षं राहतोय की. आकडा असलं काही म्हणत नाही.

त्या दिवशी तो आत आला. बायको हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि अगदी त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आलात? दमलात ना आज?"

यंत्र अजून हातातच होतं. शून्याचे नऊ झाले.

ती पाणी आणायला वळली. नवाचं पुन्हा शून्य झालं.

२

त्यानं जेवणाआधी सगळं घर पालथं घातलं. गीझर पेटवून बघितला, विझवून बघितला. स्टुलावर चढून धुराच्या नळीत हात घातला. हात काळा झाला, पण नळी मोकळी होती. शेगडीची ज्योत निळी, स्वच्छ. कपाटामागे, पलंगाखाली, माळ्यावर सगळीकडे शून्य. शेवटी त्यानं सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. बाहेर थंडी अशी की खुर्चीचा लोखंडी हात चटका दिल्यासारखा लागत होता.

"अहो, हे घर आहे का मैदान?" बायको शाल गुंडाळून म्हणाली. "माणसं घरात ऊब यावी म्हणून धडपडतात. तुमचं सगळं उलटं."

"हवा खेळती पाहिजे."

"खेळू दे की. पण तिला म्हणावं, माझ्या मानेवर नको खेळूस."

तो हसला. हसता हसता यंत्र तिच्या बाजूला सरकवलं. अकरा.

"काय झालं?"

"काही नाही. बॅटरी उतरलीय वाटतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, सासूसासरे कधीच गेले होते; घरात बोलायला त्याला ती आणि तिला तो. तिच्याशी खोटं बोलायची वेळ त्याच्यावर क्वचितच आली असेल. पण हे खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र कार्यशाळेत दादाला दाखवलं. दादा तिथला सगळ्यात जुना माणूस. यंत्रं बरोबर चालतात की नाही ते तपासायचं काम त्याच्याकडे. दादानं बाटलीतला मोजका वायू यंत्रावर सोडला, आकडा जुळवला आणि यंत्र परत केलं.

"ठणठणीत आहे. घरात बघ."

"घरातही काही नाही."

"मग काय आहे?"

"बायको जवळ आली की आकडा चढतो."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे, आमच्या घरी तर यंत्राशिवायच कळतं!"

तपासनीसही हसला. मग दादा हसायचा थांबला आणि हातरुमालानं डोळे पुसत म्हणाला, "चेष्टा सोड. श्वासातून आकडा येतो तो उगाच नाही येत. जिथे हवा खराब आहे अशा जागी ती रोज जाऊन बसत असणार. विचार की तिला, कुठे जातेस म्हणून."

३

विचारणं अगदी सोपं होतं. एका वाक्याचं काम. पण संध्याकाळी त्यानं काय केलं, तर जिन्यात समोरच्या काकूंना गाठलं.

काकूंबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरे की त्यांचं दार कधी पूर्ण बंद नसे. बोटभर फट ठेवून त्या भाजी निवडत, वाचत, डुलक्याही काढत. जिन्यातून मांजर गेलं तरी कुणाचं ते त्यांना ठाऊक. मनानं मात्र लोण्यासारख्या मऊ. कुणाकडे आजारपण निघालं की पहिली वाटी त्यांच्या घरून यायची.

"दुपारी आमच्याकडे कोणी येतं का हो?" त्यानं विचारलं.

"येत कोणी नाही," काकू म्हणाल्या. लगेच त्यांना वाटलं, हे जरा जास्तच पटकन सांगितलं, म्हणून त्या हातातल्या शेंगांकडे बघायला लागल्या. "वहिनी जातात मात्र. पिशवी घेऊन. मला वाटलं, विणकामाच्या वर्गाला जात असतील. पिशवीत लोकर असते ना."

"रोज?"

"तुम्ही कामावर गेलात की ताटंवाट्या आवरून निघतात. येतात तुमच्या जरा आधी." मग खाली वाकून, गुपित सांगावं तशा म्हणाल्या, "पण एक सांगू? मानवलंय हो त्यांना. रंग काय उजळलाय! गाल बघा, कसे लालबुंद. मी तर म्हटलंसुद्धा, वहिनी, या वयात काय लावता तोंडाला?"

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, काही लावत नाही, तिथे ऊब असते."

काकू कौतुकानं बोलत होत्या. गालांवरची तसली लाली तपासनिसानं आधी बघितली होती. ज्या घरांत त्याला उशिरा बोलावलं जायचं तिथे, उश्यांवर. ती जिवंत माणसाची तकाकी नव्हे.

आणि रोज समोर बसून जेवणाऱ्या आपल्या बायकोच्या गालांवर ती आली, हे त्याला शेजारणीकडून कळत होतं.

४

सुट्टीच्या दुपारी ती खिडकीजवळच्या खुर्चीत विणता विणता झोपली. मांडीवर राखाडी स्वेटर होता, एक बाही व्हायची बाकी. आदल्याच दिवशी त्यानं तो खांद्याला लावून बघितला होता.

"मला सैल होईल हा."

"होऊ दे," ती म्हणाली होती.

आता तिचं डोकं एका बाजूला कललं होतं. तोंड किंचित उघडं. गाल लाल, अगदी काकूंनी सांगितले तसे. झोपेत ती हसत होती. कुणाचं तरी बोलणं ऐकावं तशी मध्येच भुवई उडवत होती. तो गुडघ्यांवर बसला आणि यंत्र तिच्या नाकाजवळ धरलं.

वीस. सव्वीस. तीस.

तपासनीस शहाणा माणूस होता. त्यानं मनाशी हिशेब मांडला. सकाळपासून ती घरातच आहे. मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून हळूहळू निघून जातो, म्हणजे आकडा उतरायला हवा. सकाळी त्यानं हळूच बघितलं तेव्हा बारा होता. आता तीस. ती इथे खुर्चीत आहे, खिडकी उघडी आहे, आणि आकडा चढतोय. म्हणजे ती इथे बसून श्वास कुठला घेतेय?

या प्रश्नाला काही अर्थ नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. यंत्राला थंडी बाधत असेल. लोकरीवर काही रसायन असेल. त्यानं लोकरीजवळ यंत्र नेलं. शून्य. पुन्हा तिच्या ओठांजवळ आणलं. चौतीस.

तिनं डोळे उघडले.

"काय बघताय?"

"यंत्र."

"हो," ती म्हणाली. "ते दिसतंय."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, तो काही विचारील म्हणून वाट बघितल्यासारखी. त्यानं यंत्र बंद केलं आणि खिशात ठेवलं. तिनं सुया उचलल्या. राहिलेली बाही तिनं संध्याकाळच्या आत पुरी केली.

५

दुसऱ्या दिवशी त्यानं दादाला डोकं दुखतंय असं सांगितलं आणि दुपारच्या आधीच आपल्या इमारतीसमोरच्या धोबीघराच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. बायकोवर पाळत ठेवायला माणूस किती खाली उतरतो, हे तिथल्या वाफेत उभं राहून त्याला कळत होतं. इस्त्रीवाला दोनदा म्हणाला, "कपडे द्यायचेत का घ्यायचेत?"

ती निघाली. भराभर चालत होती. घरात गुडघे धरून उठणारी बाई रस्त्यावर पोरीसारखी चालत होती. दुकानांची रांग संपली, शाळेची भिंत संपली, वळणावरचं पाण्याचं दगडी टाकं आलं. तो लांबून मागे चालला होता आणि वाटेत त्यानं सगळं जुळवत आणलं होतं: कुणीतरी बाई असेल, एकटी, गरीब, निखाऱ्यांची शेगडी पेटवून बंद खोलीत बसणारी. हिचा स्वभाव मायाळू. रोज जाऊन सोबत करत असेल. आपण आत जायचं, खिडकी उघडायची, दोघींना चार शब्द सुनवायचे. संपलं.

मग ती कोपऱ्यावरच्या बैठ्या घराच्या फाटकातून आत शिरली आणि त्याचे पाय जागीच थांबले.

हे घर त्याला ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात इथे तीन माणसं गेली होती. म्हातारे वडील, त्यांचा मुलगा आणि त्याची लहान मुलगी. मुलीची आई त्याआधीच कधीतरी वारली होती. शेजाऱ्यांनी दार फोडलं, माणसांना नेलं, आणि हवा तपासायला तपासनिसाला बोलावलं. माणसं त्यानं बघितलीच नाहीत. बघितले ते दाराशी नीट लावून ठेवलेले तीन जोड: टाच दाबलेले म्हाताऱ्याचे बूट, एक मोठा जोड आणि एक इवलासा.

त्या दिवशी तो जेवणाचा डबा घरी विसरला होता. बायको तो घेऊन इथेच आली होती. बिचकत दारात थांबली, तेव्हा त्यानं यंत्रावर नजर ठेवूनच सांगितलं होतं, "ये आत. शून्य आहे. आता काही नाही इथे."

ती आत आली होती. मधल्या खोलीत उभी राहून म्हणाली होती, "किती ऊब आहे हो या घरात."

ऊब कुठली? दार-खिडक्या दोन दिवस उघड्या होत्या. पण तो आकडा टिपून घेत होता. त्यानं नुसतं "हं" म्हटलं होतं.

त्यानंतर गॅसची नळी कापून तिच्यावर टोपण ठोकलं होतं. त्यानं स्वतः ठोकलं होतं. पुढच्या दाराला तेव्हापासून कुलूप. ते आताही तसंच होतं, गंज धरलेलं.

६

तो घराला वळसा घालून मागे गेला. मागच्या दाराशी, पायरीवर, जोड लावलेले होते. टाच दाबलेले बूट. मोठा जोड. इवलासा जोड. आणि तिच्या चपला. त्या शेवटी असत्या, तर पाहुणी आली असं वाटलं असतं. त्या मधोमध होत्या, मोठ्या जोडाला लागून.

त्यानं यंत्र चालू केलं. सवयच ती, बाहेरच्या हवेत आधी शून्य आणायचं. शून्य आलं.

कुणीतरी शिरलंय या घरात, तो मनात म्हणाला. बेवारस माणसं आहेत. जुने बूट वापरतायत. एवढंच.

आतून आवाज येत होते. भांड्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, म्हाताऱ्या माणसाचं खोकणं. कुणीतरी काहीतरी गमतीचं बोललं आणि बायको हसली. तो खिडकीपाशी आला तो ते हसणं ऐकूनच. त्याच्या घरात ते हसणं कधीकाळी होतं. कधी बंद झालं ते त्याला सांगता आलं नसतं.

काच आतून वाफाळलेली होती. एका कोपऱ्यात वाफेचा ओघळ उतरून बोटभर जागा मोकळी झाली होती. त्यानं तिथे डोळा लावला.

दिवा नव्हता, तरी खोली उजळ होती. टेबलाशी सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या. म्हाताऱ्याची वाकलेली मान. एका छोट्या मुलीचं डोकं, आणि तिच्या केसांची वेणी घालणारे हात. ते हात त्याला ओळखीचे होते. आणि शेजारी रुंद खांद्यांचा एक माणूस, राखाडी स्वेटर घातलेला. खांद्यांत तो कुठेही सैल नव्हता. जणू माप घेऊनच विणला होता.

तपासनिसाला भीती वाटायला हवी होती. वाटला तो अपमान. इतक्या वर्षांत त्यानं कुणाचा पैसा खाल्ला नाही, बायकोला कधी वावगा शब्द बोलला नाही, तिच्या घरात वाईट हवा येऊ नये म्हणून थंडीत स्टुलावर चढून नळीत हात घातले. आणि तिनं ऊब शोधली ती इथे.

त्यानं काचेवर टकटक केली.

आतले आवाज थांबले. पण एकही पाठ वळली नाही. फक्त बायको उठली, हातातली वेणी त्या मुलीच्या खांद्यावर हळूच सोडून. खिडकीशी आली आणि वीतभर उघडली. आतून ऊब आली, खरीखुरी, अंगाला लागेल अशी.

"घरी चल," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून बारीक निघाला. "अगं, हे लोक कोण आहेत ते तुला कळतंय का? घरी चल."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ती म्हणाली. रागानं नाही. "रोज वाट बघत होते, आज विचारतील, आज विचारतील. तुम्ही आपले माझं नाक मोजत बसलात."

"मग आता विचारतो. काय पाहिजे ते विचारतो. चल."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं मागे एकदा टेबलाकडे बघितलं. मग खिडकीतून हात बाहेर काढला, त्याच्याकडे, तळवा वर करून. हात तिचाच होता. बोटावर विणकामाच्या सुईचा घट्टा. एवढं सोपं होतं. तो हात धरायचा आणि ओढायचं. ती यायला तयार होती; निदान त्या क्षणी तरी होती, हे त्याला पुढे आयुष्यभर खात्रीनं वाटत राहिलं.

पण हात धरायला त्यानं आपला हात उचलला, तर त्यात यंत्र होतं. खिडकीच्या फटीतून आतली हवा यंत्रावर येत होती. आणि त्यानं आकडा बघितला.

बघितला म्हणजे किती वेळ? पापणी लवायला लागतो तेवढा असेल. शून्य होतं. खोटं वाटलं म्हणून त्यानं यंत्र जरा आत सरकवून पुन्हा बघितलं. शून्यच. हवा स्वच्छ. आत काही नाही. आत कोणी नाही.

त्यानं मान वर केली तेव्हा खिडकीत हात नव्हता.

७

ती अजून काचेमागे उभी होती, पण आता दारावर आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. जरा सौजन्यानं, जरा घाईत.

"अगं..." तो म्हणाला.

आतून लहान मुलीचा आवाज आला. झोपाळू, लाडावलेला. "आई, कोण आलंय?"

त्याच्या बायकोनं वळून बघितलं नाही. नजर त्याच्यावरच ठेवून, खिडकीचा दांडा ओढून घेत ती म्हणाली, "कोणी नाही गं. चुकून आलेत. त्यांना दुसऱ्या घरी जायचंय."

आणि आतून कडी लागली.